मूलद्रव्यांची कूटे

साहित्यविषयक पत्रिकेत रसायनशास्त्राच्या चिन्हांसंबंधी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल, आणि ते साहजिकच आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आलेल्या सामानाच्या पावत्यांवर सही करणे यापलीकडे त्या शास्त्राशी त्याचा संबंध आजवर आलेला नाही. परंतु येथे ज्या रचनाप्रकाराचा विचार करावयाचा आहे, त्याचे साहित्य रसायनशास्त्रातले असले तरी त्याचे मर्म शब्दांत आहे. शब्दांशी चाललेला खेळ, मग तो कोणत्याही अंगणात चाललेला असो, भाषेच्या शिक्षकाने दुरून पाहून सोडून द्यावा असा नसतो. मी मात्र प्रथम तेच केले. किंबहुना त्याहून वाईट केले. ते पुढे येईलच.

खेळ असा आहे. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी प्रत्येकास एका किंवा दोन रोमी अक्षरांचे चिन्ह आहे. ही पद्धती स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास घालून दिली. त्यापूर्वी डाल्टनने वर्तुळे काढली होती, आणि त्याही पूर्वीचे किमयागार सोन्यासाठी सूर्य, रुप्यासाठी चंद्र व लोखंडासाठी मंगळ काढीत असत. बर्झेलियसने चित्रे काढून टाकली आणि लॅटिन नावांची आद्याक्षरे घेतली. म्हणून सोडियमचे चिन्ह 'नॅट्रियम'वरून 'एन-ए', पोटॅशियमचे 'कॅलियम'वरून 'के', तर सोन्याचे 'ऑरम'वरून 'ए-यू' झाले. ही चिन्हे एकापुढे एक मांडून शब्द सिद्ध करावयाचा, आणि केवळ मूलद्रव्यांची नावे किंवा त्यांचे अणुक्रमांक सांगून तो दुसऱ्यास ओळखावयास लावावयाचा, एवढाच हा प्रकार. इंग्रजीत तो पुष्कळ रूढ आहे. मराठीत तो चालेल काय, आणि चालला तर त्याला काही मोल आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. या लेखात रोमी अक्षरे घातलेली नाहीत. 'एन-ए' असे वाचले की ती दोन अक्षरे वाचकाने मनात आणावीत.

आमच्या शाळेच्या मराठी भित्तिपत्रकावर नववीतल्या एका मुलीने असा एक कागद लावला. 'ओळखा पाहू' असे वर लिहिलेले, आणि खाली मूलद्रव्यांच्या ओळी. उत्तरांसाठी रोमी अक्षरांच्या चौकटी आखल्या होत्या. मराठीच्या फलकावर रोमी लिपी पाहून मला राग आला, आणि मधल्या सुट्टीत मी तो कागद उतरविला. हैदराबादेतल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला या बाबतीत मन थोडे हळवे ठेवावेच लागते. आमच्याकडे येणारी मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर दखनी व तेलुगू बोलतात, आणि मराठीत निरोप लिहावयाचा झाला तर भ्रमणध्वनीवर रोमी अक्षरांत लिहितात. ती देवनागरी वाचतात ती परीक्षेपुरती. अशा वेळी भिंतीवरची चार हात जागा तरी देवनागरीची असावी, असे मला वाटले.

कागद टेबलावर पडून होता, म्हणून संध्याकाळी विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून त्यातली पहिली ओळ विचारली. 'सोडियम, पोटॅशियम, ऑक्सिजन.' त्यांनी क्षणभरात चिन्हे लिहून दाखविली : नको. खाली त्या मुलीने आणखी एक पोटॅशियम घालून 'नक्को' केले होते. म्हणजे घरची मराठी आणि गल्लीतली दखनी यांमध्ये एका पोटॅशियमचे अंतर आहे! दखनीने हा शब्द मराठीपासूनच घेतला हे आपण सारे जाणतो. पण ते नाते इतक्या नेमक्या मापाने मांडलेले मी कोणत्याही व्याकरणात पाहिले नाही. त्याच्या शेजारी 'हायड्रोजन, सोने' अशी ओळ होती. 'एच' आणि 'ए-यू' मिळून झाला हैदराबादी होकार, 'हौ'. पुण्या-मुंबईकडच्या मुलाला हे कूट कदाचित सुटलेच नसते. तो होल्मियमचे 'एच-ओ' घेऊन 'हो' म्हणून मोकळा झाला असता, आणि नकारासाठी त्याला एकटे सोडियम पुरले असते.

येथे मला आपल्या जुन्या परंपरेची आठवण झाली. कूट हा प्रकार आपणांस नवा नाही. महाभारतातील व्यास-गणेशांच्या आख्यायिकेत ८,८०० श्लोक कूट असल्याचे सांगितले आहे. लिहिणाऱ्या गणेशाला थांबून विचार करावा लागावा म्हणून ते घातले, असे ती आख्यायिका म्हणते. ज्ञानदेव-मुक्ताबाईंच्या नावावर कूट अभंग आहेत. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले. त्यांच्या आधी दंडीने दशकुमारचरिताच्या एका उच्छ्वासात हाच निर्बंध पाळला, आणि कथा सांगणाऱ्याचे ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावले आहेत असे कारण देऊन तो निर्बंध कथेत मुरवून टाकला. अक्षरांना संख्या मानणारी कटपयादी पद्धती आणि 'वेद' म्हणजे चार, 'नेत्र' म्हणजे दोन असे मानणारी भूतसंख्या यांवर तर आपल्या ज्योतिषांनी आणि लेखनकारांनी शतकानुशतके शके लिहून ठेवले. म्हणजे एका शास्त्राची संकेतचिन्हे घेऊन शब्द घडविणे, किंवा शब्द घेऊन त्यातून संख्या काढणे, हे आपल्याकडे विद्वत्तेच्या कक्षेबाहेरचे कधीच मानले गेले नाही.

मानले गेले नाही हे खरे. पण काव्य म्हणूनही मानले गेले नाही. मम्मटाने चित्रकाव्यास अवर ठरविले. विश्वनाथाने साहित्यदर्पणात प्रहेलिकेला अलंकारांत स्थानच नाकारले, कारण ती रसाच्या आड येते. दंडी मात्र उदार. त्याने प्रहेलिकांचे सोळा प्रकार वर्णिले आणि गोष्ठीतील करमणूक, चारचौघांत गुप्त बोलणे व दुसऱ्याला चकविणे असे त्यांचे उपयोगही सांगितले. मला दंडीचे मत अधिक व्यवहारी वाटते. शिवाय विश्वनाथाच्या आक्षेपात आपल्या विषयापुरती एक गंमत आहे. 'रस' हा शब्द जसा काव्यशास्त्राचा तसाच रसशास्त्राचाही. तेथे रस म्हणजे पारा. रसग्रंथांत पाऱ्याला शिवाचे वीर्य आणि गंधकाला पार्वतीचे रज म्हटले आहे. नागार्जुनाचे नाव परंपरेने ज्या श्रीपर्वताशी जोडले जाते, तोही याच तेलुगू प्रदेशातला. त्या ग्रंथकारांची अर्धी भाषाच कूटभाषा होती, आणि तिथे कूट रसाच्या आड येत नव्हते. रस झाकून ठेवण्याचेच ते साधन होते.

आता गुणदोषांकडे वळू. नुसती चिन्हे जुळली म्हणून कूट चांगले होत नाही. 'एन-ए' दोनदा लिहून नाना, बेरियमचे 'बी-ए' दोनदा लिहून बाबा, टँटॅलमपुढे आयोडीन ठेवून ताई होते, यात मौज आहे पण ती पहिल्या दिवसापुरती. नाशिक हे सोडियम, गंधक, हायड्रोजन, आयोडीन व पोटॅशियम अशा पाच चिन्हांनी सिद्ध होते. ते लांब आहे इतकेच. उत्तर कळल्यावर मनात काही उरत नाही. काका सिद्ध करण्यासाठी काहींनी कॅल्शियमचे 'सी-ए' दोनदा योजले आहे, ते तर मला सर्वथा अमान्य आहे. रोमीत लिहितानाही कोणी मराठी माणूस काकाला 'सी' लावीत नाही. खेळाच्या नियमासाठी शब्दाचा हात पिरगाळला की खेळ संपला.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्लुटोनियम व निऑन मिळून पुणे होते; प्लुटोनियम नको असल्यास फॉस्फरस व युरेनियम घेऊनही होते. कसेही केले तरी शेवटी निऑन येतोच, आणि निऑन हा निष्क्रिय वायू कोणाशीही संयोग पावत नाही, असे विज्ञानाचे शिक्षक सांगतात. याचे विवरण करण्याचे धाडस मी हैदराबादेत बसून करीत नाही.

विनोद सोडला तरी या उदाहरणात एक तत्त्व दिसते. कूटातला शब्द आणि त्याचे घटक यांच्यामध्ये काही संबंध असला पाहिजे. मग तो अनुकूल असो वा विरोधी. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या कोट्यांपैकी ज्या टिकल्या त्यांत दुसरा अर्थ पहिल्याला उत्तर देतो. ज्या विरल्या त्यांत दोन अर्थ नुसते शेजारी उभे राहतात. त्याच कसोटीवर 'सोने' घासून पाहा. गंधक, ऑक्सिजन आणि निऑन यांची 'एस', 'ओ', 'एन-ई' ही चिन्हे मिळून सोने हा शब्द होतो. त्यात सोन्याचा कण नाही. आणि निऑन कोणाशी जुळत नसल्यामुळे हे तिघे मिळून कोणतेही द्रव्य कधी होणार नाही. गंधकापासून सोने करू पाहणाऱ्या साऱ्या धातुवाद्यांचा इतिहास या तीन चिन्हांत आला. कागदावर सोने होते; मुशीत होत नाही.

'पारा' याहून सरस आहे. प्रोटॅक्टिनियमचे 'पी-ए' आणि रेडियमचे 'आर-ए' मिळून पारा होतो, आणि त्यात पारा नाही. येथवर सोन्यासारखेच. परंतु ही दोन्ही मूलद्रव्ये किरणोत्सारी आहेत; ती स्थिर राहत नाहीत, टप्प्याटप्प्याने क्षय पावत जातात, आणि दोघांच्याही क्षयमालिकेच्या शेवटी शिसे उरते. सामान्यतः आढळणाऱ्या रेडियमचे अर्धे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात, म्हणजे घाई नाही. पण शेवट ठरलेला आहे. तेव्हा 'कोणता पारा ठेवून दिला असता शिसे होतो?' हा प्रश्न रसग्रंथात शोभेल असा आणि आधुनिक विज्ञानाने खरा ठरविलेला आहे. योगायोगाने शिसे हा शब्दही गंधक, हायड्रोजन, आयोडीन व सेलेनियम यांनी सिद्ध होतो, पण त्या चौघांत काही स्वारस्य नाही. कूट एकदा बोलले म्हणजे प्रत्येक वेळी बोलेलच असे नाही.

मला या साऱ्यांत श्रेष्ठ वाटले ते मात्र अगदी साधे कूट आहे : बेरियम आणि रेडियम, 'बी-ए', 'आर-ए', बारा. त्या मुलीने खाली एवढेच लिहिले होते, 'दोघांचे अणुक्रमांक मिळवून पाहा.' बेरियमचा ५६, रेडियमचा ८८. बेरीज १४४, म्हणजे बारा गुणिले बारा. मी स्वतः दोनदा बेरीज केली. मग विज्ञानाच्या शिक्षकांनी आवर्त सारणी उलगडली आणि बेरियमच्या थेट खाली रेडियम दाखविले. त्याच उभ्या रांगेत वर, बाराव्या क्रमांकाचे मॅग्नेशियम आहे. आणि गोष्ट येथेच थांबत नाही. १८९८ साली क्युरी दांपत्याला रेडियमचा सुगावा लागला तो बेरियमच्या संगतीतच. दोघांचे गुणधर्म इतके जवळचे की खनिजातून बेरियम वेगळे काढले की रेडियम त्याच्याबरोबर निघून येई. ती दोन वेगळी करण्यासाठी मारी क्युरी यांनी वर्षानुवर्षे द्रावणे आटवून स्फटिक वेचले, तेव्हा १९०२ मध्ये त्यांच्या हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आले. म्हणजे 'बारा' या शब्दातील दोन अक्षरे निसर्गातही एकत्र नांदत होती, आणि त्यांचा संधिविग्रह करण्यात एका विदुषीची उमेद खर्ची पडली. हा सगळा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे. परंतु यमक तरी दुसरे काय असते? दोन शब्दांचे शेवट जुळावेत यात कवीचे कर्तृत्व नसते. जुळलेले त्याने पाहिले, एवढेच त्याचे कर्तृत्व.

आणखी एक जात आहे, ती विज्ञानाच्या शिक्षकांना अधिक आवडली. तिच्यात चिन्हे नुसती शेजारी बसत नाहीत. त्यांचा खरोखरीचा पदार्थ असतो. सोडियम व पोटॅशियम यांचे संमिश्र नेहमीच्या तपमानात पाऱ्यासारखे द्रव राहते, काही अणुभट्ट्यांत उष्णता वाहून नेण्यासाठी ते वापरले गेले, आणि शास्त्रज्ञ त्याला चिन्हांवरूनच नाव देतात. ते नाव मराठी डोळ्यांनी वाचले तर 'नाक'. पोटॅशियम आयोडाइड हे 'की'. बेरियम सल्फाइड म्हणजे 'बस'. गॅलियम नायट्राइड म्हणजे 'गान'. निळा प्रकाश देणारे दिवे याच्यापासून झाले, आणि त्या शोधास २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप छिद्रे पाडण्याच्या पोलादी हत्यारांवर चढवितात. त्याचे सूत्र 'तीन' असे वाचता येते. यावर मी स्वतः एक उखाणा जुळविला : नाव तीन, घटक दोन, रंग सोन्याचा, सोने कोण? उखाणा बेतास बात आहे, परंतु वर्गात चालला.

अशी चोख कूटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. नावे ठेवताना खुद्द शास्त्रज्ञांनाही कोटी करण्याचा मोह झाल्याचा संशय घेतला जातो. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याने गॅलियम शोधले आणि नाव फ्रान्सच्या लॅटिन नावावरून दिले. पण लॅटिनमध्ये 'गॅलस' म्हणजे कोंबडा, आणि त्याच्या आडनावाचा अर्थही तोच! त्याने पुढे इन्कार केला. आपल्याला जवळची गोष्ट अशी की हे मूलद्रव्य सापडण्यापूर्वीच मेंडेलेएव्हने त्याची जागा सारणीत राखून ठेवली होती आणि त्याला संस्कृत 'एक' हा शब्द लावून 'एक-ॲल्युमिनियम' म्हटले होते. रशियन शास्त्रज्ञाने रिकाम्या घरांवर संस्कृत पाट्या लावाव्यात, आणि घरमालक आल्यावर त्या उतरविल्या जाव्यात!

आता मुख्य आक्षेप. ही कूटे मराठीची नसून मराठीच्या रोमी छायेची आहेत, असे कोणी म्हणेल, आणि मी प्रथम तेच म्हटले. बोरॉन व ॲल्युमिनियम मिळून बाळ होते, बाल होते, बलही होते. पोटॅशियम व ॲल्युमिनियमने काल, काळ आणि कल यांतला भेद पुसून टाकला. ऱ्हस्वदीर्घ गेले, 'ण' गेला, आणि ज्याच्यासाठी आपण सारे भांडतो तो 'ळ' गेला. हे नुकसान खरे आहे. ते लपविण्यात अर्थ नाही. मात्र न्यायाने एक सांगितले पाहिजे. यमक आणि श्लेष यांत 'ड' व 'ल', 'ब' व 'व', 'र' व 'ल' एकच मानण्याची सवलत आपल्या आलंकारिकांनीही घेतली होती. खेळापुरती सवलत व्याकरण बुडवीत नाही. ती सवलत कोणाला दिली आहे, हे मात्र पाहावे लागते. ज्याला 'काल' आणि 'काळ' यांतला भेद येतो त्याने तो क्षणभर विसरणे हा खेळ. ज्याला तो कधी आलाच नाही त्याच्या बाबतीत तो खेळ नव्हे.

देवनागरी चिन्हे करून पाहण्याचा मार्ग होता. डॉ. रघुवीर यांनी ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, कार्बनला प्रांगार अशी नावे योजिली होती. ती रूढ होऊन त्यांची आद्याक्षरे चिन्हे झाली असती तर पाणी 'उ२ज' असे लिहावे लागले असते. पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने चिन्हे व सूत्रे आंतरराष्ट्रीय रोमी रूपातच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. मला तो निर्णय योग्य वाटतो. या शहराने तर हा प्रश्न फार आधी अनुभवला आहे. १९१७ मध्ये येथे दारुल तर्जुमा स्थापन झाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषानिर्मितीवरील ग्रंथ १९२१ चा. आमच्या आजोबांच्या पिढीतील मराठवाड्याची मुले येथे येऊन उर्दूतून विज्ञान शिकली, आणि गंधकाम्लाला गंधकाचे तेजाब म्हणत घरी परतली. त्यांची मराठी त्यामुळे बिघडली असे मला कधी आढळले नाही.

तरीही देवनागरी चिन्हांची हौस म्हणून एक प्रयोग करून पाहिला. सोन्याला 'सो', पाऱ्याला 'पा' असे चिन्ह द्यावे. दोन्ही मिळून 'सोपा'. आणि सोने पाऱ्यात खरोखरच सहज विरघळते. त्या मिश्रणाचा लेप देऊन पारा उडवून लावणे हीच मुलामा चढविण्याची जुनी रीत. कूट उत्तम झाले. पण त्यासाठी चिन्ह मीच केले आणि शब्दही मीच निवडला. निर्बंध स्वतः घालून स्वतः सोडविण्यात पराक्रम तो कसला? मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वगळले तेव्हा भाषा त्यांनी केली नव्हती.

मराठी रासायनिक नावे मेली असेही नाही. मराठवाड्यात कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तो नत्र, स्फुरद आणि पालाश यांची मात्रा सांगेल. खताच्या पोत्यावर 'एन-पी-के' असते, आणि तो 'के' वाचून पालाश म्हणतो. आमच्या मुलांना पोटॅशियम येते, पालाश येत नाही.

दोन दिवसांनी मी तो कागद पुन्हा लावण्यास सांगितले. त्याच आठवड्यात पालकसभेला त्या मुलीची आजी आली. मूळची बीदरकडची, देवनागरी सफाईने वाचणारी, रोमी अजिबात न येणारी. तिने फलकाजवळ उभे राहून कागद पाहिला आणि मला म्हणाली, "सर, यातलं मला एक अक्षर वाचता येत नाही. पण शब्द माझेच आहेत." चौकशी केल्यावर उलगडा झाला. नातीला 'लेड' ठाऊक होते, शिसे नव्हते. 'टिन' ठाऊक होते, कथिल नव्हते. आजीच्या तरुणपणी घरी भांड्यांना कल्हई होत असे, म्हणून कथिल, जस्त, शिसे ही नावे तिच्या तोंडी होती. ती शब्द सांगे, नात चिन्हे शोधी. कथिल जमले नाही, कारण 'एल' हे एकटे चिन्ह नाही. जस्तही जमले नाही, कारण साऱ्या सारणीत 'जे' हे अक्षरच नाही. "मग आजी कशी लिहायची गं?" असे तिने विचारले होते म्हणे, आणि नातीने "नाही लिहिता येत" असे सांगितले होते. आईसुद्धा लिहिता येत नव्हती. 'ए' हे एकटे अक्षरही कोणाचे चिन्ह नाही. बाबा दोन बेरियमांत होतात आणि आई होत नाही, याची त्या मुलीला खंत होती.

आमच्या शाळेत, आणि आमच्यासारख्या इतर शाळांत, या दोघींमध्ये जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी आम्ही शुद्धलेखनाच्या स्पर्धा घेतो, मराठी दिन साजरा करतो, पाहुणे बोलावितो. मी स्वतः पंधरा वर्षे हे करीत आलो आहे. यांपैकी कशानेही नात आजीला शब्द विचारावयास गेल्याचे मला आठवत नाही. या कूटांची लिपी सदोष आहे, त्यांतली बरीचशी पोकळ आहेत, आणि काव्य तर ती नाहीतच. हे सारे वर म्हटले आहे आणि ते मी मागे घेत नाही. पण ज्या खेळाला एकीचे शब्द आणि दुसरीची चिन्हे लागतात, तो दंडीच्या गोष्ठीत बसण्याजोगा आहे. आमच्या गावात 'कोटी' हे एका वस्तीचेही नाव आहे. तेथील रेसिडेन्सीच्या हवेलीला लोक कोठी म्हणत, त्याचे कोटी झाले. पोटॅशियम, ऑक्सिजन, टायटॅनियम लिहिले की कोटी होते. टायटॅनियमच्या जागी थोरियम व आयोडीन घातले की कोठीही होते. हे कूट आजीनात दोघींनी मिळून केले, आणि ते फलकावर सगळ्यांत वर आहे.

पुढे शाळेच्या ग्रंथालयाच्या आवराआवरीत एक जुने इंग्रजी रसायनशास्त्र निघाले, मुखपृष्ठ नसलेले. त्यात आर्गॉनचे चिन्ह नुसते 'ए' असे छापलेले विज्ञानाच्या शिक्षकांना आढळले. ते १९५७ मध्ये बदलून 'ए-आर' झाले, असे त्यांनी सांगितले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या जर्मन ग्रंथांत आयोडीनला 'जे' लिहीत, हेही त्यांनीच सांगितले. मी त्या मुलीला बोलावून दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने आधी जस्त लिहिले : जर्मन आयोडीन, आर्सेनिक, टँटॅलम. मग जुने आर्गॉन दोनदा आणि आयोडीन, म्हणजे आई. मग थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली, आणि खाली लिहिले : जुने आर्गॉन, जर्मन आयोडीन, आयोडीन.